न्यायाधीशांना खोली मिळेना

लोकांच्या दारात उभं राहून ‘तुमचं घर थोडे दिवस द्याल का?’ असं विचारणं, हा माझा धंदा आहे. मी दलाल नाही, पाहुणा नाही, भाडेकरू तर नाहीच. सिनेमावाले मला लोकेशन मॅनेजर म्हणतात. पालघर, बोईसर, तारापूर, मनोर, सातपाटी या पट्ट्यात कुणाला जुनी विहीर हवी असो, बंद गिरणी हवी असो, पोलीस चौकीसारखी दिसणारी खोली हवी असो, फोन मला येतो. गावात सगळे मला नंदूभाऊ म्हणतात. समोरून नंदूभाऊ येताना दिसला की काही लोक दार लावून घेतात, काही लोक केस विंचरायला आत पळतात.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय मोठंसं? जागा बघायची, फोटो काढायचे, पाठवायचे. पण जागा सापडणं हा सगळ्यात सोपा भाग. जनरेटरची गाडी कुठे लावायची की त्याची घरघर आवाजात येणार नाही, शेजारच्या आजारी म्हाताऱ्याला आधी जाऊन कोण भेटणार, समोरच्या घरातला कुत्रा नेमका कशाने गप्प होतो, हे सगळं माझ्याकडे. आणि संडास. कथा वाईट असली तरी सिनेमा पुरा होतो, संडासाची सोय नसली तर होत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

माणसं तर काय काय भेटली. पालघरजवळच्या माहीमच्या एका वाडीतल्या आजोबांनी सगळं घर दिलं, फक्त ओटीवरची आपली खुर्ची हलवू दिली नाही आणि स्वतः तिच्यावरून उठलेही नाहीत. शेवटी दिग्दर्शकाने त्यांना नायकाचे चुलते करून टाकलं. मनोरजवळच्या एका ढाबेवाल्याने चित्रीकरणासाठी ढाबा बंद ठेवायचं कबूल केलं, पण ट्रकवाला उपाशी दारात आला की त्याच्याने ‘नाही’ म्हणवेना. तो हळूच एकेकाला मागच्या दाराने आत घेई. त्या सिनेमात नायिका रडते आहे आणि मागे एक सरदारजी मन लावून डाळ ओरपतो आहे, असं एक दृश्य आहे. लोकांना ते फार अर्थपूर्ण वाटलं.

या धंद्यात माझा एकच नियम आहे. ज्याची जागा मागायची त्याला सिनेमाची गोष्ट खरीखरी सांगायची. अर्धवट सांगितलं की मधेच बिनसतं, आणि मधे बिनसलं की सिनेमा मेला. हा नियम पाळूनही एकदा सगळं बिनसलं. ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला बसलो आहे. त्याला आता काही वर्षं झाली, पण अजून ते मला स्वस्थ बसू देत नाही.

पुण्याची मृण्मयी नावाची एक दिग्दर्शिका बोईसरला आली. पस्तिशीची, सडसडीत, सतत काहीतरी चघळत असलेली. मागे कुणी मोठा निर्माता नव्हता. मित्रमंडळींनी मिळून उभा केलेला सिनेमा. कोर्टातली गोष्ट होती. सातपाटीची एक मुलगी नर्स होते, बोईसरच्या एका चांगल्या सोसायटीत फ्लॅट घेते आणि मासळी विकणाऱ्या आपल्या आईला राहायला आणते. सोसायटी म्हणते, लिफ्टमध्ये वास येतो, आईने जिन्याने जावं. मग म्हणते, आईने राहूच नये. मुलगी सहकार न्यायालयात जाते. सोसायटी आणि सभासद यांचे वाद तिथे चालतात. बस, एवढीच गोष्ट. मारामारी नाही, गाणं नाही. माणसं किती सभ्यपणे दुसऱ्याला दाराबाहेर ठेवतात, ते दाखवायचं होतं.

आईच्या भूमिकेसाठी मृण्मयीने नटी आणली नाही. आम्ही बोटी बघायला सातपाटीला गेलो होतो. मी लिलावाच्या गर्दीत फोटो काढत उभा होतो, तर मागून आवाज आला, “ए, फोटूवाल्या, वाटेतून बाजूला हो! माझा माल सुकलाय उन्हात.” डोक्यावर पाटी, कपाळावर मोठं कुंकू, साठीच्या पुढच्या यमुनाबाई. मृण्मयी त्यांच्याकडे बघतच राहिली. काम करायला यमुनाबाई तयार झाल्या, पण कपडेपटातलं विटकं लुगडं बघून भडकल्या. “कोर्टात जाताना कुनी फाटकं नेसतं काय? मी कोलीन हाय, भिकारीन नाय.” त्यांनी स्वतःचं ठेवणीतलं हिरवंगार नेसलं. मृण्मयीने मुकाट्याने होकार दिला.

सोसायटी म्हणून मी बोईसरची एक नवी इमारत ठरवली. तिथे बरेच फ्लॅट रिकामे होते. एका फ्लॅटमध्ये चित्रीकरण, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोन फ्लॅटमध्ये आमच्या लोकांचा मुक्काम. सेक्रेटरी होते विलासराव, बँकेतून निवृत्त झालेले. फार गोड माणूस. मी त्यांना गोष्ट जशीच्या तशी सांगितली. ते हळहळले. म्हणाले, “अहो, असे लोक असतात! समाजापुढे हे यायलाच हवं.” वर चहा पाजला. मृण्मयीने त्यांचा चेहरा बघितला आणि विचारलं, “काका, तुम्हीच एक छोटं काम करता का? कमिटी मेंबरचं?” विलासराव लाजले आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाले.

मीटिंगच्या दृश्यात त्यांना एकच गोष्ट करायची होती. ‘या बाईंना इथे राहू द्यायला कुणाची हरकत आहे?’ असं विचारल्यावर हात वर करायचा. त्यांनी तो इतका सहज वर केला की मृण्मयीने एकाच प्रयत्नात दृश्य पास केलं. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

कोर्ट मात्र आम्ही उभं केलं. खऱ्या कोर्टात कॅमेरा सहजी जाऊ देत नाहीत. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका बंद कारखान्याचं कॅन्टीन मला ठाऊक होतं. उंच छत, जाळीच्या खिडक्या. लाकडी फळ्यांचा उंच चौथरा बांधला, त्यावर न्यायाधीशांची खुर्ची. अडचण एकच, शेजारचे कारखाने चालू होते. कधी घशात खवखवणारा वास, कधी वाफ सोडल्याचा फुत्कार, आणि पाळी बदलली की भोंगा. आमचा आवाज मुद्रित करणारा पोरगेलासा बंगाली तंत्रज्ञ कानाला हेडफोन लावून सारखा कपाळावर हात मारायचा.

न्यायाधीशांचं काम करायला मालेगावहून रशीद सर आले. निवृत्त शिक्षक. हयातभर शाळेत मराठी शिकवलं आणि उरलेला वेळ नाटकात घालवला. मी त्यांना घ्यायला स्टेशनवर गेलो होतो. उंच, पांढरी दाढी, हातात जुनी चामड्याची बॅग. गाडीत बसताच त्यांनी मला विचारलं, “नंदूभाऊ, बोईसर हे नाव कशावरून पडलं?” मला सांगता येईना. “राहिलात जन्मभर आणि विचारलं नाहीत?” असं म्हणून ते हसले. मला तो माणूस तिथेच आवडला.

इमारतीच्या गेटवर वॉचमनने त्यांचं नाव लिहून घेतलं. आम्ही वर गेलो. मी त्यांना खोली दाखवली, पंखा लावून दिला. तेवढ्यात विलासरावांचा फोन आला. “नंदूभाऊ, जरा खाली येता?”

ते पार्किंगमध्ये उभे होते. हातातली किल्ली सारखी बोटांत फिरवत होते.

“ते जे आत्ता आले ना... ते इथे मुक्कामाला आहेत?”

“हो. आपले जज.”

“माझं काही नाही हो. मी तर म्हणतो, कलेला जातधर्म नसतो. पण मेंबर लोकांचे फोन सुरू झाले. बायकामुलं राहतात. पोलीस व्हेरिफिकेशन वगैरे...”

“बाकी सगळे आठवडाभर राहताहेत. त्यांचं कुणाचं व्हेरिफिकेशन मागितलं नाहीत.”

“ते वेगळं.” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “दिवसभर येऊ देत. शूटिंग करू देत, जेवू देत. फक्त मुक्काम नको. तुम्ही हुशार माणूस आहात, करा काहीतरी. आणि हे बघा, मृण्मयीताईंच्या कानावर घालू नका. उगाच विषय वाढेल आणि मग मेंबर गेटच बंद करा म्हणतील.”

हे शेवटचं वाक्य ते धमकी म्हणून बोलले नाहीत. काळजीने बोलले. म्हणूनच मला ते जास्त लागलं.

मी जिन्यात उभा राहिलो. वर जाऊन काय सांगायचं? माझ्या धंद्यात शंभर सबबी तयार असतात. ‘सर, इथे पाण्याचा त्रास आहे, तुमची सोय हॉटेलात केली.’ कुणी दुखावत नाही, चित्रीकरण चालू राहतं. गेट बंद झालं असतं तर निम्मा सिनेमा वाया गेला असता. अर्धं दृश्य एका जिन्यात आणि अर्धं दुसऱ्या जिन्यात घेता येत नाही, भिंतीचा रंग सुद्धा जुळावा लागतो. इमारतीतलं काम अर्ध्यावर होतं. मी दोन पायऱ्या चढायचो, थांबायचो.

दार उघडंच होतं. रशीद सर सोफ्याच्या कडेवर बसले होते. पायात बूट तसेच. बॅग मांडीवर.

“नंदूभाऊ,” ते म्हणाले, “बॅग उघडू, की राहू दे?”

मी खरं सांगितलं. विलासराव काय म्हणाले ते, जसं म्हणाले तसं.

त्यांनी मांडीवरच्या बॅगेचा पट्टा धरला. मग म्हणाले, “नेहमीसारखं, पाण्याचा त्रास आहे असं सांगितलं असतंत तर मी ‘बरं’ म्हणालो असतो. पुष्कळांना म्हणालोय. त्यांची अडचण होऊ नये म्हणून आपण खोटं खरं मानून घ्यायचं, ही सवय होते. तुम्ही खरं सांगितलंत. आता मला राग तरी येऊ शकतो.”

आणि त्यांना राग आला. आवाज चढला नाही. फक्त बॅगेच्या पट्ट्यावरची बोटं पांढरी झाली.

मृण्मयीला सांगावंच लागलं. ती तरातरा खाली निघाली. “सर, मी बंद करते हे सगळं. मी कशावर सिनेमा काढतेय आणि इथे काय चाललंय!” रशीद सरांनीच तिला थांबवलं. “बंद करू नकोस बेटा. सिनेमा बंद पडला तर त्यांना फक्त बरं वाटेल. पण मी इथून चोरासारखा जाणार नाही. गेटवर वहीत माझं नाव लिहिलंय, त्यापुढे ‘गेले’ एवढं लिहून जाईन.” आणि त्यांनी तसं लिहिलं. वॉचमन त्यांच्याकडे बघत राहिला.

मी स्टेशनजवळच्या लॉजमध्ये विचारलं. कारखान्यांची दुरुस्तीची कामं चालू होती, बाहेरून आलेल्या कामगारांनी लॉज भरले होते. एका ठिकाणी खोली होती. काउंटरवरच्या माणसाने आधार कार्ड हातात घेतलं, वाचलं, परत दिलं आणि म्हणाला, “भाई, रूम तो है, लेकिन मॅनेजर बाहर गया है.” रशीद सर माझ्याकडे बघून म्हणाले, “पाण्याचा त्रास.”

गाडीत यमुनाबाई बसलेल्या होत्या. त्यांना सातपाटीला सोडायचं म्हणून त्या आमच्याबरोबर निघाल्या होत्या आणि सगळा प्रकार खिडकीतून बघत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, “काय दारोदार फिरवतोस त्यांना? माझं घर हाय ना! चला जजसायेब.”

गाडी सातपाटीच्या रस्त्याला लागली आणि मग मात्र त्या गप्प झाल्या. पदर हातात घेऊन त्याचं टोक पिळत बसल्या. मला ते आरशात दिसत होतं. मला वाटलं, आता ही बाई मधेच काहीतरी कारण काढणार. त्यांनी काढलं नाही. पण त्यांच्या मनात काय चाललं होतं ते कळत होतं.

घरासमोर त्यांचे दीर जाळं विणत बसले होते. काशिनाथ त्यांचं नाव. उंच पाहुणा बघून ते उठले. “कोन हाय हे?”

“जज हाय,” यमुनाबाई म्हणाल्या.

काशिनाथने झटकन खुर्ची पुढे केली, फडक्याने पुसली. “बसा सायेब, बसा. नाव काय म्हनला?”

“रशीद.”

फडकं हातात तसंच राहिलं. मग त्यांनी भावजयीला बाजूला नेलं, पण बारीक बोलण्याची सवय नसल्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं. “वहिनी, वस्तीत काय बोलतील? पोरांची लग्नं व्हायची हायत.”

“काय बोलतील?”

“मी नाय बोलत. लोक बोलतात.”

“तू पन त्या सोसायटीवाल्यासारका बोलाय लागला,” यमुनाबाई म्हणाल्या. “मी उद्या कोर्टात सांगनार, लोकांना आमचा वास नाय चालत. आनि घरी हे करू? तू जा, जाळं वीन.”

काशिनाथ धुसफुसत बसले. पण जेवताना रशीद सरांनी त्यांना जाळ्याच्या गाठीबद्दल विचारलं, आणि जाळ्याबद्दल विचारल्यावर काशिनाथला गप्प बसवेना. सुतरीची गाठ वेगळी, नायलॉनची वेगळी. जेवण संपेपर्यंत रशीद सरांच्या हातात सुई होती आणि काशिनाथ ‘अशी नाय हो, अशी’ म्हणून ओरडत होते. मला वाटलं, झालं, सगळं छान झालं.

रात्री मीही तिथेच राहिलो. सकाळी यमुनाबाईंनी चहा आणला. मला आणि काशिनाथला स्टीलच्या कपांत. रशीद सरांना कान तुटलेल्या काचेच्या कपात. प्यायल्यावर माझा कप त्यांनी मोरीत टाकला. सरांचा घेतला आणि बाहेर, तुळशीपलीकडच्या दगडावर ठेवला. ठेवताना त्या थांबल्या. वळून बघितलं. रशीद सर बघत होते. त्यांनी लगेच नजर वळवून समुद्राकडे नेली, जणू काही पाहिलंच नाही. पण यमुनाबाईंनी ते पाहिलं होतं. त्यांचा चेहरा उतरला.

त्या दिवशी यमुनाबाईंच्या साक्षीचं दृश्य होतं. सिनेमातलं सगळ्यात महत्त्वाचं. चौथऱ्यावर काळ्या कोटात रशीद सर, खाली पिंजऱ्यात हिरव्या लुगड्यात यमुनाबाई, आणि सोसायटीच्या बाकावर कमिटी मेंबर म्हणून विलासराव. ते ठरलेल्या वेळी आले होते. रशीद सरांना बघून त्यांनी नमस्कार केला, सरांनीही केला. विलासरावांना घाम आला होता, आणि तो मेकअपवाल्याने दोनदा पुसला.

कॅमेरा सुरू झाला. सोसायटीच्या वकिलाने विचारलं, “बाई, तुमच्या अंगाला, कपड्यांना मासळीचा वास येतो, हे खरं आहे का?”

यमुनाबाईंचं पाठ केलेलं उत्तर होतं, “येतो. त्याच वासावर मी माझ्या मुलीला नर्स केली.” फार टाळीचं वाक्य. त्यांनी ते म्हटलं. मग वकिलाने पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तर यमुनाबाईंनी हात वर करून त्याला थांबवलं आणि न्यायाधीशांकडे वळल्या. हे कागदावर नव्हतं.

“जजसायेब, मला आनखी बोलायचं हाय. काल माझ्या घरी पाव्हना आला. चांगला मानूस. मीच बोलावला. आनि सकाळी मी त्याला येगळा कप दिला. कुनी सांगितला नव्हता मला. हात आपोआप त्या कपाकडं गेला. धुवून पन मी तो घरात नाय घेतला.”

मृण्मयीने कॅमेरावाल्याच्या दंडाला घट्ट धरलं होतं. थांबव म्हणून नाही, थांबवू नकोस म्हणून.

“ह्या लोकांचा हात पन असाच जात आसंल,” यमुनाबाईंनी बाकाकडे बोट केलं. “मला लिफ्टमधून उतर म्हनतात तवा त्यांना वाटत आसंल, आपून काय वाईट करतो? आपोआपच होतंय. पन जजसायेब, ज्याला येगळा कप देतात ना, त्याला कलतं. त्यानं नजर फिरवली तरी कलतं. मी आज सकाळी बघितला. म्हनून मी सांगते, माझं चुकलं. आता ह्यांचं ह्यांनी बघावं.”

त्या बोलत असतानाच भोंगा सुरू झाला होता. लांबलचक, सगळ्या कॅन्टीनमध्ये घुमणारा. कुणी हललं नाही. रशीद सर खुर्चीत ताठ बसून होते. भोंगा संपेपर्यंत ते थांबले. मग समोरच्या लेखनिकाकडे न बघता म्हणाले, “साक्षीदाराने जे सांगितलं, ते शब्दशः लिहून घ्या.” आवाज न्यायाधीशाचाच होता, पण शेवटच्या शब्दावर तो फाटला.

आवाजवाला तंत्रज्ञ म्हणाला, “भोंग्यात निम्मं गेलं. परत घ्यावं लागेल.” मृण्मयीने विनवलं. यमुनाबाई पिंजऱ्यातून खाली उतरल्या. “एकदा बोलले. ते काय लिलावातलं हाय, परत परत वरडायला?” सिनेमात ते दृश्य भोंग्यासकट आहे. काही शब्द ऐकूच येत नाहीत.

या गडबडीत विलासराव बाक सोडून निघून गेले होते. बाहेर जाऊन बघितलं तर त्यांची स्कूटर नव्हती. मला कळून चुकलं, आता गेट बंद होणार. इमारतीतलं काम अजून बाकी होतं. मी दर थोड्या वेळाने फोन बघत होतो. यमुनाबाईंना बोलू द्यायला नको होतं, असं एकदा वाटायचं. मग त्याचीच लाज वाटायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इमारतीपाशी गेलो. गेट उघडं होतं. विलासराव तिथेच उभे होते, दाढी न केलेले.

“मेंबर भांडले माझ्याशी,” ते म्हणाले. “पण तुम्हाला शब्द दिला होता, शूटिंग पुरं करा. फक्त माझं एक काम करा. मला त्या सिनेमातून काढा. तो हात वर करतानाचा सीन.”

“का हो?”

“माझी नात पुण्यात असते. ती बघेल.” त्यांनी न केलेल्या दाढीवरून हात फिरवला. “त्या सीनमध्ये मी अॅक्टिंग केली नव्हती, नंदूभाऊ.”

मी मृण्मयीशी बोललो. ती म्हणाली, तो हात काढला तर मीटिंगच उरत नाही, आणि मीटिंग नाही तर खटला नाही. मी परत येऊन विलासरावांना तसं सांगितलं. त्यांनी गेटच्या दांड्यावर हात ठेवला. वाटलं, आता लावतात. बऱ्याच वेळाने म्हणाले, “बरं. राहू दे मग.” आणि आत गेले.

रशीद सरांना मुक्कामाला येऊ द्यायला सोसायटी शेवटपर्यंत तयार झाली नाही. मृण्मयीने सातपाटीजवळ एका ओळखीच्या घरी त्यांची सोय केली होती, पण सर यमुनाबाईंकडेच राहिले. मी एकदा विचारलं, “सर, त्या कपानंतरही?” ते म्हणाले, “तो कप आता काशिनाथचा झालाय. दाढीच्या पाण्याला.” आणि मग जरा गंभीरपणे, “नंदूभाऊ, मला फार थकवा येतो हो. माफ करायचा सुद्धा थकवा येतो. पण ही बाई रोज सकाळी चहा देताना माझ्याकडे बघते. इतरांच्या घरी मी चहा घेतो तेव्हा कुणी बघत नाही.”

सिनेमा पुरा झाला. इथल्या थिएटरवाल्यांनी लावला नाही. बाहेर दोन-चार ठिकाणी दाखवला गेला, चांगलं बोललं गेलं. मग यमुनाबाई हटून बसल्या की सातपाटीत दाखवा. मच्छीमारांच्या एका हॉलमध्ये पडदा बांधला. बायका सुकवायची मासळी आवरून आल्या. रशीद सर मालेगावहून आले. आणि अगदी शेवटच्या रांगेत, दाराजवळ, विलासराव. एकटे. मी बोलावलं नव्हतं.

सातपाटीची माणसं सिनेमा गप्प बसून बघत नाहीत. यमुनाबाई पडद्यावर आल्या की शिट्ट्या. विलासरावांचा हात वर गेला तेव्हा सगळा हॉल ओरडला. मी मागे वळून बघितलं नाही. भोंग्याच्या दृश्याला मात्र शांतता पडली. आणि शेवटी न्यायाधीश निकाल राखून ठेवतात तिथे सिनेमा संपला, दिवे लागले, तर काशिनाथ उठून उभे. “निकाल कुठं हाय? एवढं बघितलं, निकाल नाय?” लोक रशीद सरांकडे बघू लागले. सर हात जोडून म्हणाले, “मी मराठीचा मास्तर आहे हो.”

तेवढ्यात एका तरुण बाईने विलासरावांना ओळखलं. “ह्ये तर त्यातले हायत! हात वर केलेले!” सगळ्या माना मागे वळल्या. विलासराव उभे राहिले. जायला उठले असतील, पण दारात बायका होत्या.

ती बाई म्हणाली, “काय हो काका, तुमच्या बिल्डिंगमधे खोल्या रिकाम्या हायत काय?”

“आहेत.”

“मंग आमाला देनार काय? ह्या जजसायबाला देनार काय?”

हॉलमध्ये पंखे तेवढे फिरत होते. इतकी वर्षं मी लोकांच्या दारात प्रश्न विचारत आलो. पण इतका सरळ प्रश्न मी कधी कुणाला विचारला नव्हता.

विलासरावांनी चष्मा काढला. “मी देईन,” ते म्हणाले. “बाकीचे देणार नाहीत. मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा मी एकटा पडलो. तिसऱ्यांदा काढायची हिंमत झाली नाही. आता खोटं काय सांगू?”

कुणीतरी मागून काहीतरी वाईट बोललं. कुणीतरी त्याला गप्प केलं. यमुनाबाई पुढून उठून चालत मागे गेल्या. त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता या बाईच्या तोंडाला कोण आवर घालणार.

“खरं बोलला,” त्या म्हणाल्या. “चला, जेवून जा.”

“मी मासे खात नाही हो.”

“भात तर खाल? डाळ केलीय. मास्तर पन पथ्यावर हायत.”

यमुनाबाईंच्या अंगणात पंगत बसली. विलासराव ताट हातात घेऊन उभेच होते, कुठे बसावं ते कळेना. रशीद सर थोडे सरकले. विलासराव त्यांच्या शेजारी बसले. सरांनी मीठ पुढे सरकवलं.

मधेच विलासरावांचा फोन वाजू लागला. ताटाशेजारीच पडला होता, त्यामुळे नाव मलाही दिसलं. त्यांच्या सोसायटीचे चेअरमन. विलासराव इथे आल्याची बातमी पोहोचली असावी. विलासरावांनी तो उचलला नाही. बंदही केला नाही. तो वाजत राहिला, आणि ते डाळभात कालवत राहिले.